सासरे गप्प होतात ते रस्ते

तिचे सासरे लिलाववाले होते. जप्तीतली कपाटं, वारसांना नको असलेले पलंग, बुडालेल्या हॉटेलांतली झुंबरं, असलं सगळं उंच स्टुलावर उभं राहून विकण्यात त्यांची हयात गेली. सौदा ठरला की 'एकवार, दोनवार, तीनवार' म्हणून हातोडी आपटायची, म्हणून अख्खा बाजार त्यांना तीनवार म्हणायचा. पुढे निवृत्ती आली. स्टूल गेलं, हातोडी गेली, तोंड मात्र राहिलं, आणि ते काही निवृत्त व्हायला तयार नव्हतं.

सकाळी डोळे उघडायच्या आत ते सुरू व्हायचं. "ही उशी बघा, एका बाजूने दबलेली, पण दुसरी बाजू अजून कोरी!" तिथून जे चालू, ते रात्री दिवा मालवला तरी अंधारात थोडा वेळ चालायचं. चहाच्या कपाचे गुण, पंख्याचं कुळ, शेजाऱ्याच्या छत्रीचा इतिहास, कशालाही बंदी नव्हती. त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. दिवसभर यंत्रांची घरघर ऐकून आला की तो घरी 'हं' आणि 'उंहूं' एवढ्या भांडवलावर संसार करायचा. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. लहानपणी मध्ये शिरायला त्याला फटच सापडली नव्हती.

सासूबाई गेल्यावर तीनवार जिन्यात उभे राहू लागले. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी त्यांच्या नादात कुणाचा तरी कोट उलटा बेतला. खालचा घड्याळजी मागच्या खिडकीतून दुकानात ये-जा करू लागला. वृद्धांना दिवसभर सांभाळणारी एक संस्था होती, तिथे त्यांना ठेवलं, तर दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या बाई स्वतः त्यांना हाताला धरून परत घेऊन आल्या. "आजोबा गोडच आहेत हो," त्या म्हणाल्या, "पण आमचे बाकीचे आजोबा घरी जायचं म्हणायला लागलेत." आणि त्यांनी दार स्वतःच ओढून घेतलं.

आता सुनेविषयी. ती रस्ते खात्यात होती आणि खड्डे विभागात तिचा दबदबा होता. गाडी नुसती वरून गेली तरी खड्डा यंदाचा की गेल्या सालचा हे ती सांगायची. एवढं चांगलं काम केल्यावर शिक्षा व्हायचीच. खात्याने तिला बढती देऊन निसर्गरम्य मार्ग विभागात टाकलं. विभाग म्हणजे एक खोली, भिंतभर नकाशा, दार मिटत नाही म्हणून खुर्ची टेकवून ठेवलेलं कपाट, आणि ती. काम असं, की वाळवंटातले आणि डोंगरातले सगळे रस्ते गाडीने पालथे घालायचे आणि जो टप्पा सुंदर असेल त्याच्या कडेने नकाशावर हिरवी रेघ ओढायची. लोक तो नकाशा घेऊन सुट्टीत भटकायला निघायचे.

सुंदर कशाला म्हणायचं, हे खात्याने सांगून ठेवलं होतं. 'जेथे प्रवाशाचे भान हरपेल, तो भाग रम्य समजावा.' बाकी कशाचा पत्ता नव्हता. तिच्या आधीच्या गृहस्थांना भूक लागली की भान हरपायचं, त्यामुळे जुन्या नकाशातलं सगळं सौंदर्य जेवणाच्या वेळेला येत होतं. हिची पंचाईत निराळीच होती. भान हरपून तिला चालणार नव्हतं, कारण गाडी तीच चालवायची. शिवाय खड्डे विभागाने तिची नजर कायमची बिघडवली होती. वाळूची टेकडी दिसली की तिला वाटायचं, ही वाऱ्याने रस्त्यावर येणार. कडा दिसला की वाटायचं, याची दरड सुटणार. सूर्यास्त बघून तिने एकदा नोंदवलं होतं की समोरून ऊन डोळ्यांवर येतं, फलक लावावा. महिना गेला तरी नकाशावर हिरव्याचा ठिपका नाही. वरून विचारणा सुरू झाली तसं तिच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यातच सासऱ्यांना ठेवायचं कुठे हा प्रश्न. शेवटी तिने हात टेकले. "बाबा, चला माझ्याबरोबर," ती म्हणाली, आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवून पट्टा बांधला. पट्टा कमरेला होता, तोंडाला नव्हता.

खारट पांढऱ्या माळावरून तीनवार बोलत गेले. काटेरी झुडपांमधून बोलत गेले. घाट लागला, कानांना दडे बसले, तरी बोलत होते. कुठल्याशा न्हाव्याने म्हणे चुकून दोनदा हात वर केला आणि त्याच्या गळ्यात चर्चची घंटा पडली. "तर तो मला म्हणतो, तीनवार, मी नाक खाजवत होतो! मी म्हटलं, मग आता घंटा—"

आणि आवाज बंद.

म्हातारा गेला, असं वाटून तिने कचकन ब्रेक दाबला. तीनवार जिवंत होते. खिडकीबाहेर बघत होते. खाली तांबडी वाळू पार क्षितिजापर्यंत पसरली होती आणि तिच्यातून निळे डोंगर वर आले होते. तीनवारांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून असलं दृश्य तिने पाहिलं नव्हतं. डोंगराचं नव्हे, सासऱ्यांचं.

तिने गाडी हळूहळू पुढे नेली. वळण संपलं, डोंगर आड गेले, आणि तीनवार म्हणाले, "—घंटाच खाजवा." तिने नकाशा मांडीवर ओढला आणि त्या वळणाच्या कडेने रेघ मारली.

मग तिचं कामच सोपं झालं. ती रस्ता बघायची आणि कान सासऱ्यांकडे ठेवायची. म्हणजे शब्दांकडे नव्हे. नळ चालू असताना आपण पाणी थोडंच ऐकतो? बंद झाला की कळतं. आवाज थांबला की रेघ सुरू, आवाज सुरू झाला की रेघ बंद. खिंडीतलं तळं, रात्रीच्या वाऱ्याने रेघोट्या पडलेली वाळू, ढगांच्या वर निघणारा जुना दगडी रस्ता, सगळं नकाशावर आलं. नकाशा छापला गेला आणि लोक वेडे झाले. खात्याची हिरवी रेघ कधी खोटी निघत नाही, असं जो तो सांगू लागला.

तीनवारांना यातलं काय ठाऊक होतं? त्यांना ठाऊक होतं ते असं, की सूनबाईला दिसत काही नाही, आपण बोलून दाखवतो म्हणून तिला कळतं. ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसू लागले. शिंपीणबाईंना जिन्यात अडवून सांगू लागले, "नकाशा माझ्या बोलण्यावर चालतो. मी बोलतो, ती रेघ मारते." शिंपीणबाई सुनेकडे बघायच्या, सून मान डोलवायची. स्टूल गेल्यापासून त्या माणसाचा आवाज कुणाला तरी हवा आहे असं पहिल्यांदाच घडत होतं. तुमच्या बोलण्याला नव्हे, तुमच्या न बोलण्याला भाव आहे, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने ठरवून टाकलं, की हे आपल्याबरोबर वर जाईल, पण त्यांना कळणार नाही.

मग तक्रार आली. गालिच्यांचा एक व्यापारी बायकोला घेऊन लांबून आला होता. वाळवंटात एक लांबलचक हिरवा टप्पा होता, तो त्यांनी दोनदा येऊन-जाऊन पाहिला. तिथे खडी फोडायचा कारखाना होता, दुसरं काही नव्हतं. यातलं सौंदर्य कुणाला आधी दिसणार यावरून नवरा-बायकोचं जुंपलं, आणि बायको खडीच्या ट्रकमधून माहेरी गेली.

सुनेला त्या टप्प्याची आधीपासून धास्ती होतीच. पण सासरे तिथे गप्प होते, अगदी शेवटपर्यंत गप्प होते, हे तिला पक्कं आठवत होतं. ती एकदा एकटीच जाऊन त्या कारखान्यासमोर उभी राहून आली होती. बघून बघून तिच्या डोळ्यांत धूळ गेली आणि पाणी आलं, तेव्हा तिने स्वतःची समजूत घातली की असेल, आपल्यालाच कळत नाही. तिचं सोडा, लोकांनी तरी काय कमी केलं होतं? नकाशात हिरवं आहे म्हणून खात्याने तिथे कठडा बांधला, बाकं टाकली. कारखानदाराने भीड पडून यंत्राला रंग दिला. रविवारी माणसं कठड्याला रेलून खडी पडताना बघायची आणि सुस्कारे सोडायची.

नवे साहेब पूल विभागातून आले होते. त्यांना प्रत्येक वस्तू ठोकून बघायची सवय होती. त्यांनी तिचं टेबल ठोकलं, टेकवलेली खुर्ची ठोकली, कपाटाचं दार उघडून अंगावर आलं तेही ठोकलं. "रेघ कशावरून मारता ते मला जागेवर बघायचं आहे," ते म्हणाले. "पद्धत पटली तर विभाग राहील. नाही पटली तर खड्डे."

खड्ड्यांना ती भीत नव्हती. खरं सांगायचं तर रात्री स्वप्नात तिला खड्डेच यायचे, आणि बरं वाटायचं. पण विभाग गेला की सासरे पुन्हा जिन्यात, आणि पद्धत उघडी पडली तर त्याहून वाईट. तिने रात्रभर विचार केला. सकाळी तीनवार तिच्या आधीच गाडीत बसले होते, शर्टाच्या खिशात पेन लावून. "साहेब येतायत ना? मग आज घसा शेकून घेतलाय," ते म्हणाले.

साहेब मागे बसले. त्यांनी आधी गाडीचं छत ठोकलं. तीनवारांनी त्यांना बसल्या जागी झुंबरांपासून सुरुवात केली आणि वाळवंट लागेपर्यंत तीन हॉटेलं विकून टाकली. साहेबांचे डोळे जड झाले. सुनेने मनातल्या मनात म्हटलं, असेच झोपू देत हे. पण कारखान्याचे ट्रक आडवे आले, कर्णे वाजले, आणि साहेब जागे झाले.

कठड्यापाशी बरीच माणसं होती. खडी धडधडत होती. साहेबांनी कठडा ठोकला, तो बरा वाजला. मग त्यांनी समोर पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

"इथे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बाबांच्या बोलण्यावरून..." ती पुटपुटली.

"हो, मी बोलतो, ही रेघ मारते," तीनवार म्हणाले.

"ठीक आहे. मग आजोबा, इथे तुम्ही काय बोलला होतात?"

तीनवारांनी डोळे बारीक केले. आयुष्यभर त्यांनी एकही वस्तू खोटं बोलून विकली नव्हती. "इथे?" ते म्हणाले. "इथे मी चकार शब्द बोललो नाही. कवळीत खडी अडकली होती. कवळी रुमालात, रुमाल खिशात. दातांशिवाय मी तोंड उघडत नाही, साहेब. तो समोरच्याचा अपमान आहे."

"तुम्ही बोललाच नाहीत," साहेब सावकाश म्हणाले, आणि सुनेकडे वळले. "मग रेघ कशी आली?"

आता तिला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, माझी चूक झाली, मी डुलकी काढत होते, मी मूर्ख आहे. वाक्य तयार होतं. रात्रीच घोटून ठेवलं होतं. पण कवळीचं ऐकून ती अशी गडबडली, की ते वाक्य ओठावर यायला एका श्वासाचा उशीर झाला. तेवढ्यात तिने खाली आपल्या चपलांकडे पाहिलं.

तीनवारांनी जन्मभर लोकांचं थांबणं बघितलं होतं. घ्यायचं असतं तो थांबतो तेव्हा वस्तूकडे बघतो, आणि लपवायचं असतं तो थांबतो तेव्हा खाली बघतो. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग गाडीतल्या नकाशाकडे. खिंडीतलं तळं. तांबडी वाळू. घंटेची गोष्ट अर्धी राहिली ते वळण. त्यांचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला. तिला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

पुढच्या क्षणी म्हातारा बाकावर चढला होता.

"माणसांनो, इकडे!" तीनवार गरजले, आणि खडीचा आवाज खाली पडला. "आज विकायला काढला आहे समोरचा देखावा! पैसे नकोत. पैसे कुणाकडेही असतात. वेळ बोला! हे बघायला तुमच्या आयुष्यातला किती वेळ देता? नीट बघा. सुंदर डोंगर तर कुणीही बघेल, त्यात तुमची कर्तबगारी काय? हा डोंगर होता, आता खडी आहे. उद्या रस्ता होईल. ज्या रस्त्यावरून तुम्ही सुंदर डोंगर बघायला जाता, तो इथून निघतो! आहे का असला माल दुसऱ्या कुठल्या वळणावर? चला, बोला!"

"अर्धा तास," एक बाई घाबरत म्हणाली.

"अर्ध्या तासात माझी कवळी घासून होत नाही! पुढे!"

"एक अख्खी सकाळ!" "रविवार!" "येणारे सगळे रविवार!" कारखानदार धावत बाहेर आला आणि स्वतःच्याच कारखान्यावर बोली लावून बसला. हात वर होत होते, पोरं खांद्यावर चढत होती. खडी फोडणारे कामगार यंत्र थांबवून आपण रोज काय करतो ते पहिल्यांदा बघत होते. आणि या गदारोळात पूल विभागातून आलेल्या साहेबांचा हात वर गेला. का गेला ते त्यांनाही पुढे सांगता आलं नाही.

"माझी उन्हाळ्याची पूर्ण रजा!" साहेब ओरडले.

"एकवार! दोनवार!" तीनवारांनी तळहातावर मूठ आपटली. "तीनवार! साहेबांना!"

टाळ्या पडल्या. साहेबांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, बाकावर बसून घेतलं आणि आपला देखावा बघायला सुरुवात केली. "पद्धत पटली," ते नजर न हलवता म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे. मी ट्रकने येईन." विभाग वाचला.

परतीला गाडीत दोघंच होते. तीनवारांनी पट्टा आपणच बांधला आणि तोंड मिटून घेतलं. माळ गेला, झुडपं गेली. पेट्रोल पंप, टायरचा ढीग, म्हैस पाण्यात बसावी तशी वाळूत रुतलेली बस, कशावर म्हणून ते बोलले नाहीत. ही शांतता कुठल्याच नकाशात बसणारी नव्हती. तिला वाटत होतं, काहीतरी बोला, माझी अक्कल काढा, शिव्या घाला, पण बोला. घाटात शिरल्यावर तिला ते असह्य झालं. तिने एका साध्या वळणावर, जिथून नुसती संरक्षक भिंत दिसत होती, गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"बाबा, चुकले मी."

त्यांनी खिशातलं पेन काढून समोर ठेवलं.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही. खरंच."

"मी सांगितलेल्या गोष्टींतली एक तरी सांग," तीनवार भिंतीकडे बघत म्हणाले. "एक. कुठलीही."

तिने आठवून पाहिलं. "तो... न्हावी होता ना एक? त्याला पियानो मिळाला..."

"पियानो दंतवैद्याला मिळाला. न्हाव्याला घंटा."

"मी ऐकत नव्हते, बाबा," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. "खोटं नाही बोलत. एक शब्द ऐकला नाही मी. तुम्ही थांबायचात तेवढंच मला कळायचं."

समोरून एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी हलली.

"डोंगर बघून थांबत नव्हतो मी," तीनवार म्हणाले. "डोंगरात काय आहे? दगडच. पण चांगली जागा आली ना, की वाटायचं, तुझी सासू असती तर ती इथे काहीतरी म्हणाली असती. मग मी थांबायचो. म्हटलं, बोलू दे तिला."

सुनेने डोळे पुसले. "काय म्हणाल्या असत्या त्या?"

"तेच तर." त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं एका घरात काढली, आणि ती काय म्हणाली असती ते मला माहीत नाही. मी कधी ऐकलंच नव्हतं गं."